आधी अंधार, मग मासे: खाऱ्या टाकीच्या नोंदी

५ जानेवारी

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या मागच्या टाकीची वही आज पुन्हा उघडली. शेवटची नोंद एका ओळीची आहे: "दगड दिसत नाहीत, सगळं हिरवं." त्या टाकीत पाणी भरलं त्याच संध्याकाळी दिवे लावले होते. सायकलसाठी, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वसवण्यासाठी, कोळंबी कुजायला टाकली होती आणि दगड खोक्यातून काढून थेट आत ठेवले होते. तिसऱ्या महिन्यात डर्बेशियाचे (केसाळ हिरव्या शेवाळाचे) केस उगवले, पुढचं वर्ष ते उपटण्यात गेलं. या वेळी शेवाळाचा बंदोबस्त मासे येण्याआधीच करायचा, सायकल चालू असतानाच.

टाकी ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, खाली सम्प (उपकरणं ठेवायची जोडटाकी). दगड-वाळूची जागा वजा करून, सम्पमधलं पाणी मिळवून, एकूण १८० लिटर धरते. पुढची सगळी गणितं याच आकड्यावर.

दगड ११ किलो, कोरडा. कोरड्या दगडातून ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल), खेकडे, नको ते किडे येत नाहीत हा फायदा. पण हा कधीकाळी जिवंत असलेला दगड आहे. छिद्रांत मेलेल्या जीवांचा चुरा अजून वाळून बसलाय, आणि फॉस्फेट तर अरॅगोनाइटला, म्हणजे दगडाच्या चुनखडीला, चिकटूनच राहतं. पाण्यात ठेवलं की हळूहळू सुटतं, आणि ते आयतं शेवाळाच्या तोंडी.

ब्रशने घासून दगड ६० लिटरच्या पिंपात खाऱ्या पाण्यात बुडवले. आत एक पंप, एक हीटर, वर झाकण. झाकण महत्त्वाचं, उजेड नको.

१२ जानेवारी

पिंपातल्या पाण्याचं फॉस्फेट ०.६२ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). म्हणजे ६० लिटरमध्ये साधारण ३७ मिलिग्रॅम फॉस्फेट एका आठवड्यात दगडातून बाहेर आलं. मागच्या वेळी हे सगळं मी टाकीत घातलं होतं आणि मग "खाऊ तर इतका कमी घालते, शेवाळ कुठून येतं" म्हणून कपाळाला हात लावून बसले होते.

पाणी पूर्ण बदललं.

१९ जानेवारी

०.४१. पुन्हा पूर्ण बदललं. पाण्याला वास नाही, तळाशी तपकिरी गाळ. गाळ उपसून टाकला.

पाण्याची तयारीही सुरू केली. आरओ-डीआयच्या (पाणी पूर्ण शुद्ध करणाऱ्या फिल्टरच्या) मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य दिसतंय, पण मी रेझिन बदलून टाकलं. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते, आणि ती टीडीएस मीटरला जवळपास दिसतच नाही. मीटर शून्य दाखवत राहतो आणि इकडे डायटमना (सिलिकाचं कवच असणाऱ्या तपकिरी सूक्ष्म शेवाळाला) रोज खुराक पोचतो.

२६ जानेवारी

०.२२. दादाचा फोन. त्याची टाकी आठ वर्षं चालू आहे, त्यामुळे त्याचं ऐकावं लागतं.

"तीन आठवडे दगड भिजवतेयस? अगं, भिजत घालून त्याला कोंब येणार आहेत का?"

म्हटलं, येऊ नयेत म्हणूनच भिजवतेय.

२ फेब्रुवारी

आज ०.१२. मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतो. आकडा ३९ होता, त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं. आणखी दोन आठवडे ठेवलं असतं तर अजून उतरलं असतं, पण ०.१ च्या आसपास मला चालतं. शून्य नकोच आहे. (हे वाक्य मी तेव्हा किती सहज लिहिलं! एप्रिलमधली नोंद वाचा.)

टाकी भरली. आधी पाणी, मग त्यात मीठ, ढवळत ढवळत. मिठावर पाणी ओतलं तर दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरे होऊन तळाशी बसतात. १८० लिटरला सात किलोहून थोडं जास्त मीठ लागलं. पाणी गरम आणि नितळ झाल्यावर दगड रचले, मग वाळू घातली. वाळू सहा पाण्यांनी धुतली होती तरी दुधासारखं झालं. थर तीनच सेंटिमीटर, याहून जाड थर मला सांभाळता येत नाही.

दगड रचताना मागे हात जाईल एवढी जागा सोडली, आणि पंपाचा प्रवाह दगडांच्या मागूनही फिरेल असं पाहिलं. मागच्या टाकीत दगडांची भिंतच बांधली होती. तिच्यामागे जो गाळ साचायचा, त्यावरच सगळ्यात दाट केस होते.

३ फेब्रुवारी

पाणी निवळलं. रिफ्रॅक्टोमीटरवर खारेपणा ३५ (हजार भागांत), अगदी रेघेवर. इतकं नेमकं आलं म्हणूनच शंका आली. हे उपकरण मी नेहमी शुद्ध पाण्याने शून्यावर लावते. आज ३५ चं प्रमाणित द्रावण टाकून पाहिलं तर ३२ दाखवलं! शून्यावर बरोबर आणि ३५ वर तीन अंशांनी कमी. म्हणजे टाकीचं पाणी खरं तर ३८ आहे.

हिशेब केला: १४ लिटर खारं पाणी काढून तेवढंच साधं आरओ पाणी घातलं की ३५. संध्याकाळी मोजलं, बरोबर आलं. यापुढे शून्यावर लावणं बंद. जिथे मोजायचंय तिथेच उपकरण जुळवायचं.

तापमान २७. केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, ८.६ डीकेएच. फॉस्फेट ०.०५. नायट्रेट शून्य.

५ फेब्रुवारी (सायकल, दिवस ०)

कोळंबी नाही. ती कुजताना अमोनिया देते हे खरं, पण सोबत फॉस्फेट आणि सेंद्रिय मळही देते, आणि किती देते ते मोजता येत नाही. जिवाणूंना हवाय फक्त अमोनिया. तोच द्यावा, मोजून.

अमोनियम क्लोराइडमध्ये वजनाने ३३.७ टक्के अमोनियम असतं. १८० लिटरला २ पीपीएम म्हणजे ३६० मिलिग्रॅम अमोनियम, त्यासाठी १.०७ ग्रॅम पूड. रोज एवढं तोलत बसण्यापेक्षा १०.७ ग्रॅम पूड अर्धा लिटर आरओ पाण्यात विरघळवून बाटली भरली. आता ५० मिलिलिटर म्हणजे २ पीपीएम. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, घरात कुणी चुकून उघडू नये.

५० मिलिलिटर घातले. अर्ध्या तासाने किटवर २ आलं. दोनच का, पाच का नाही? अमोनिया फार झाला तर नायट्राइट खाणारे जिवाणू दबतात आणि सायकल लांबते. शिवाय जेवढा अमोनिया घालीन तेवढं नायट्रेट शेवटी माझ्याच पदरात पडणार.

मग जिवाणूंची बाटली. स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र) बंद, यूव्ही (पाण्यातले सूक्ष्म जीव मारणारा दिवा) नाही.

आणि दिवे बंद. टाकीच्या डाव्या काचेवर सकाळी तासभर ऊन येतं, तिथे पुठ्ठा चिकटवला. नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना उजेड लागत नाही, उलट प्रखर उजेडात त्यांचं काम मंदावतं. प्रवाळ नाही, मासे नाहीत. या टाकीत सध्या उजेडाचा उपयोग ज्याला होईल असा एकच जीव आहे, आणि तो मला नकोय.

८ फेब्रुवारी (दिवस ३)

अमोनिया २. नायट्राइट ०. पाणी किंचित धुरकट झालंय. हे नायट्रीकरणवाले नव्हेत, ते इतक्या झपाट्याने वाढतच नाहीत. दगडांतला उरलासुरला मळ खाणारे दुसरे जिवाणू आहेत. आपोआप निवळेल.

१२ फेब्रुवारी (दिवस ७)

अमोनिया १.५ की २, किटच्या दोन हिरव्या रंगांत फरक कळेना. खिडकीत नेऊन पाहिलं, कळेना. नायट्राइट ०.२५, हे मात्र नक्की. सुरुवात झाली.

पाणी निवळलं. दादा म्हणतो, "दिवा लावल्याशिवाय टाकी जिवंत कशी होईल?" होतेय की, फक्त दिसत नाही.

१६ फेब्रुवारी (दिवस ११)

अमोनिया ०.२५. नायट्राइट किटच्या वरच्या टोकाला, जांभळं म्हणजे जांभळं.

अमोनिया खाणाऱ्यांची उपासमार नको म्हणून २५ मिलिलिटर घातले, म्हणजे १ पीपीएम. पूर्ण मात्रा घातली नाही. नायट्राइट आधीच तुंबलंय, त्यात भर कशाला.

१८ फेब्रुवारी (दिवस १३)

सहज म्हणून नायट्रेट तपासलं. लालभडक, ८० च्या पुढे. क्षणभर पोटात गोळा आला.

मग कागद घेतला. २ पीपीएम अमोनियमचं सगळं नायट्राइट झालं तर ५.१ पीपीएम, त्या सगळ्याचं नायट्रेट झालं तर ६.९. आजवर एकूण ३ पीपीएम घातलंय. म्हणजे सगळंच्या सगळं नायट्रेट झालं तरी १० च्या थोडं वर. ८० येणार कुठून?

किटमधूनच. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग ते नायट्राइट रंगवतं. पाण्यात आधीच नायट्राइट असलं की तेही रंगतं, आणि नायट्रेटमधला थोडाच भाग किटच्या पुडीने बदलत असल्यामुळे तेवढंसं नायट्राइटसुद्धा भलामोठा आकडा दाखवतं. सायकल चालू असताना नायट्रेट तपासणं म्हणजे पाऊस पडत असताना दव मोजणं. नायट्राइट शून्य होईपर्यंत ते किट कपाटात.

असल्या आकड्याला घाबरून अनेक जण सायकलच्या मध्यावर निम्मं पाणी बदलतात. माझंही मागच्या वेळी तेच झालं होतं.

२१ फेब्रुवारी (दिवस १६)

अमोनिया ०. नायट्राइट जांभळंच. केएच ७.८. नायट्रीकरण केएच खातं: दर २ पीपीएम अमोनियममागे साधारण ०.६ डीकेएच. ३ पीपीएममागे ०.९ व्हायला हवं, उतरलंय ०.८. जुळतंय.

२५ फेब्रुवारी (दिवस २०)

नायट्राइट तसंच. इथे सगळेच अडकतात. दुसऱ्या गटाचे जिवाणू उशिरा जागे होतात, त्यांना आधी नायट्राइट मिळावं लागतं आणि त्यांची वाढही संथ.

नुसतं बसून राहायचं म्हणून थोडं वाचन. हे काम जिवाणू करतात हे सेर्गेई विनोग्रादस्कीने १८९० च्या सुमारास ते वेगळे काढून दाखवलं. नायट्राइटचं नायट्रेट करणारा म्हणून पुस्तकांत कितीतरी वर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव चालत आलं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रत्यक्षात नायट्रोस्पायरा करतो हे १९९८ साली दिसलं. आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले. दोन गट, दोन टप्पे हे मी शाळकरी चित्र वापरतेय खरं, पण टाकीपुरतं ते चालतं.

खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, कारण भरपूर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. तरी मी थांबणार. नायट्राइट उतरलं की जिवाणूंची दुसरी फळी उभी राहिली हे कळतं.

३ मार्च (दिवस २६)

काल जांभळं, आज फिकट निळं! असंच होतं, आठवडाभर हलत नाही आणि मग एका रात्रीत कोसळतं.

४ मार्च (दिवस २७)

अमोनिया ०, नायट्राइट ०. परीक्षेचा दिवस. सकाळी ८ वाजता पूर्ण ५० मिलिलिटर.

५ मार्च (दिवस २८)

सकाळी ८. अमोनिया ०. नायट्राइट ०. चोवीस तासांत २ पीपीएमचा फडशा. दोनदा तपासलं.

आता नायट्रेटचं किट बाहेर काढलं: १५ ते २० च्या मधलं. एकूण ५ पीपीएम अमोनियम घातलं, हिशेबाने १७ यायला हवं. केएच ७. फॉस्फेट ०.०९, म्हणजे दगड अजून थोडं सोडतोय.

काचेवर बोट फिरवून पाहिलं. स्वच्छ. चार आठवडे अंधार, एक धागा नाही.

६ मार्च

निम्मं पाणी बदललं. नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०५. स्किमर सुरू केला, आठवडाभर तो वेड्यासारखा फेसाळणार हे धरून चालायचं. सम्पच्या एका कप्प्यात मूठभर कीटोमॉर्फा (मुद्दाम वाढवायचं तंतुमय शेवाळ) सोडला, त्यावर छोटा दिवा, रात्रीच्या वेळी चालणारा. शेवाळ कुठेतरी वाढणारच असेल तर तिथे वाढो, महिन्याला उपटून फेकता येईल. रात्री दिवा लावल्याने रात्री घसरणारा पीएचही सावरतो.

९ मार्च

वरचा दिवा पहिल्यांदा लावला. फक्त निळा, चार तास, वीस टक्के. पुठ्ठा मात्र तसाच.

चार ट्रोकस आणि पाच सेरिथ गोगलगायी आल्या. त्यांना खायला आत्ता काय आहे? जवळपास काहीच नाही, म्हणून वाळलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा दगडाला बांधला. आधी शेवाळ वाढू द्यायचं आणि मग गोगलगायी आणायच्या हा उलटा रस्ता मला पटत नाही. गोगलगाय कोवळा थर खाते, बोटभर लांब केस खात नाही. ट्रोकस निवडले कारण उलटे पडले तर स्वतः सुलटे होतात. अ‍ॅस्ट्रियाला दर वेळी हाताने उचलून सरळ करावं लागतं.

१४ मार्च

वाळूवर विटकरी पावडर. डायटम. यायचेच होते. नव्या वाळूतून आणि दगडातून थोडं सिलिकेट सुटतं, तेवढ्यावर ते वाढतात, आणि ते संपलं की जातात. काही केलं नाही. सेरिथ वाळूत रेघा ओढत फिरताहेत, त्या रेघांवरून त्यांचा रात्रीचा प्रवास कळतो.

२० मार्च

विटकरी निम्म्याने कमी. दोन ओसेलारिस क्लाऊनफिश आले. वेगळ्या टाकीत सहा आठवडे ठेवून पाहिले होते. भाचा काचेला नाक लावून तासभर बसला. दिवसातून एकदा, चिमूटभर खाऊ. दिवे पाच तास.

२४ मार्च

उजवीकडच्या दगडाच्या टोकावर हिरवे धागे. मोजून सात, नखाएवढे.

आणि माझी बुद्धी गेली. मागच्या टाकीचं भूत मानगुटीवर बसलं. धागे उपटले, तिथवर ठीक. पण मग सम्पमध्ये जीएफओची (फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांची) पिशवी टाकली आणि "एवढ्याने काय होणार" म्हणून सांगितल्याच्या दुप्पट भरली. माशांचा खाऊ एक दिवसाआड केला. दिवा पुन्हा चार तास.

३० मार्च

फॉस्फेट ०.००. नायट्रेट १ किंवा त्याहून कमी. टाकी चकचकीत, गोगलगायी भुकेल्या. दादाला फोटो पाठवला.

त्याचं उत्तर: "फार स्वच्छ आहे. मला आवडलं नाही."

४ एप्रिल

दादाचं बरोबर होतं, हे लिहावं लागतंय.

वाळूवर आणि दगडांच्या माथ्यावर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी, लोंबत्या तारांत बुडबुडे अडकलेले. सकाळी दिवा लागण्याआधी जवळजवळ नाही, दुपारी भरपूर. आधी वाटलं डायटम परतले. पण डायटम पावडरीसारखे बसतात, असे लोंबत नाहीत. सायनो (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) म्हणावं तर त्याची चादर एकसंध निघते, आणि बहुतेक वेळा लालसर असते.

पिपेटने थोडं ओढून झाकणाच्या बाटलीत घेतलं, जोरात हलवलं, कागदी गाळणीतून गाळलं, आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवलं. तासाभरात त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा तारा जुळल्या. डायनोफ्लॅजेलेट, चाबकासारख्या शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव. भाच्याचा सूक्ष्मदर्शक मागून आणला. थेंबाच्या आकाराच्या पेशी, टोकदार बाजूला खुंटीला बांधल्यासारख्या गोल गोल फिरत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस.

हा नुसता घाणेरडा दिसणारा जीव नाही, विषारी आहे. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर याच वंशातली एक जात फोफावली तेव्हा किनाऱ्यावर आलेल्या शेकडो लोकांना ताप आणि खोकल्याने गाठलं होतं. हातमोजे घातले. नळी तोंडाने ओढणं बंद. भाच्याला टाकीत हात न घालण्याची तंबी. एक ट्रोकस सुस्त पडलाय, बहुधा हेच खाऊन.

कारण शोधायला लांब जायला नको. हिरवं शेवाळ, जिवाणू, कीटोमॉर्फा या सगळ्यांना नायट्रेट-फॉस्फेट लागतं. दोन्ही शून्यावर नेऊन मी सगळ्यांची उपासमार केली, आणि रिकामी जागा अशाला दिली जो तुटपुंज्यावर तग धरतो, शिवाय दुसऱ्या सूक्ष्म जीवांना खातोही. कोरड्या दगडाच्या नव्या टाकीत स्पर्धक आधीच कमी असतात. फेब्रुवारीत मीच लिहिलंय: शून्य नकोच आहे.

५ एप्रिल

जीएफओ काढलं. कीटोमॉर्फाचा दिवा बंद. खाऊ दिवसातून दोनदा. पाणी बदलणं थांबवलं, नव्या मिठातले सूक्ष्म घटक याला मानवतात असं अनुभवी लोक सांगतात.

१.२३ ग्रॅम सोडियम नायट्रेट विरघळवून घातलं, १८० लिटरला ५ पीपीएम नायट्रेट. फॉस्फेटचं द्रावणही, ०.१ पीपीएमपुरतं.

दादाने त्याचा यूव्ही आणून दिला. तो सम्पमध्ये नाही, थेट वरच्या टाकीतून पाणी ओढून वरच्याच टाकीत सोडेल असा बसवला. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, तेव्हाच त्याला गाठायचं. वाळूत दडून राहणारा अ‍ॅम्फिडिनियम असता तर यूव्हीचा फारसा उपयोग झाला नसता. म्हणून आधी ओळख पटवणं भाग होतं.

"बोललो नव्हतो का?" असं दादा म्हणाला नाही. चहूबाजूंनी टाकी न्याहाळून म्हणाला, "माझ्याकडे दोनदा झालंय." आठ वर्षांत हे आज पहिल्यांदा सांगतोय.

६ एप्रिल

फॉस्फेट ०.०३. काल ०.१ चं घातलं होतं, बाकीचं दगडाने गिळलं. जानेवारीत ज्या दगडातून फॉस्फेट काढायला मी महिनाभर खपले, त्यालाच आता ते भरवतेय. पाण्यातलं कमी झालं की दगड सोडतो, पाण्यात वाढलं की दगड ओढून घेतो. तो गोदामासारखा आहे. पुन्हा मात्रा.

तीन दिवस पूर्ण अंधार, पुठ्ठे चारही बाजूंनी. माशांना खाऊपुरता खोलीतला उजेड.

९ एप्रिल

पुठ्ठे काढले. वाळू पांढरी. यावर विश्वास नाही, अंधारानंतर पहिले दोन दिवस सगळ्यांच्याच टाक्या सुंदर दिसतात. नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. सुस्त ट्रोकस गेला. बाकीचे फिरताहेत.

१३ एप्रिल

दुपारी एका दगडावर दोन तारा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कमी, आणि त्यांच्यात आता डायटम आणि काही हिरव्या गोल पेशीही मिसळल्यात. गर्दी वाढतेय, चांगलं आहे.

दुसऱ्या टाकीतून दादाने वाटीभर जुनी वाळू आणि एक ओंजळीएवढा दगड दिला. सोबत ऐप्टेशिया आलं तर येवो. इतके दिवस निर्जंतुक टाकीचा हट्ट धरला होता, तो सोडला.

१८ एप्रिल

मागच्या काचेवर हिरवा पातळ थर. मी हिरवं बघून खूश झाले, हे मागच्या वहीतल्या बाईला सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं. समोरची काच पुसली, मागची आणि बाजूच्या ट्रोकससाठी सोडल्या. तारा नाहीत.

नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०६. आल्फ्रेड रेडफिल्डने १९३४ साली समुद्रातल्या प्लवकांत नायट्रोजन आणि फॉस्फरसचं ठरावीक गुणोत्तर असतं हे मांडलं. अणूंच्या हिशेबाने ते १६ ला १, नायट्रेट-फॉस्फेटच्या वजनात साधारण १० ला १. काही जण टाकी त्यावर आणायचा ध्यास घेतात. मी नाही घेणार. दोन्ही आकडे मोजण्याजोगे असावेत, एवढंच बघते. नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१.

२५ एप्रिल

नायट्रेटची मात्रा बंद केली, खाऊवरच ५ वर टिकतंय. फॉस्फेटची मात्रा निम्मी. कीटोमॉर्फाचा दिवा पुन्हा, पण चारच तास. यूव्ही अजून महिनाभर राहू दे.

त्या उजव्या दगडाच्या टोकावर हिरवे धागे पुन्हा आलेत. मोजले, पाच. दोन बोटांच्या चिमटीत धरून उपटले, हात धुतले. जीएफओच्या बरणीला हात लावला नाही.

२ मे

दिवे सहा तास, साठ टक्के. दहा टक्के पाणी बदललं, महिन्याभरात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी तारा आल्या नाहीत तर दर पंधरवड्याला बदलणार.

एका ट्रोकसच्या शंखावर आणताना जांभळट-गुलाबी डाग होते, कोरलाइन या हव्याशा, चुनखडीच्या शेवाळाचे. आज काच पुसताना पंपाच्या काळ्या झाकणावर तसाच एक ठिपका दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा. नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही. केएच ७.४ आहे, थोडं वाढवायला हवं.

भाच्याने विचारलं, तो ठिपका पुसायचा राहिला का?

म्हटलं, तो राहू दे.